नकाशावरची स्वच्छ घळ

आळंबी भिजवलेल्या पाण्यात लोहक्षाराचे थेंब पडले आणि पाणी काळंनिळं झालं. मी नळी खिडकीच्या उजेडात धरली, हलवली, पुन्हा धरली. रंग काही बदलेना. मग पाकिटावरची चिठ्ठी वाचली. अक्षर माझंच होतं. "म्हातारी. सारी-बुलाक घळ. आकेंनी दिली."

आके म्हणजे माझे वडील. आमच्या सरोवराच्या काठाला वडिलांना अशीच हाक मारतात. मागच्या रविवारी मी गावी गेले होते, तेव्हा त्यांनी टोपलीतून चार-दोन आळंब्या काढून माझ्या हातात ठेवल्या होत्या, "घे, तुझ्या कागदांसाठी" म्हणून. बाकीच्यांतल्या बऱ्याच त्यांनी बटाट्याबरोबर मेंढीच्या शेपटीच्या चरबीत परतल्या. त्या आम्ही तिघांनी खाल्ल्या. आके, शेजारची आगाफ्या मावशी आणि मी.

म्हातारीचं पाणी या परीक्षेत पिवळं राहतं. काळंनिळं होतं ते तिच्या बहिणीचं, तांबूसचं. टोपीच्या कडेपासून देठापर्यंत कोळिष्टकासारखा पडदा असणाऱ्या आळंब्यांचं एक मोठं खटलं आहे, त्यातल्याच या दोघी. त्या खटल्यातली कोण कुठल्या देवदाराखाली नांदते, कुणाचं कुणाशी नातं, याचा नकाशा काढण्यात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली. म्हातारीच्या टोपीला सुरकुत्या असतात, तिला लोक खातात. तांबूसच्या टोपीला मधोमध टोक असतं, आणि ती माणसाची मूत्रपिंडं खाते. लगेच नाही. हीच तिची वाईट खोड. इतर विषारी आळंब्या त्याच दिवशी ओकायला लावतात, माणूस दवाखान्यात पळतो तरी. तांबूस खाल्लेला माणूस आठवडा-दोन आठवडे, कधी त्याहून जास्त, हसतखेळत फिरतो. मग त्याला तहान लागायला लागते. साधी तहान. तो पाणी पितो, चहा पितो, यंदा हवा फार कोरडी आहे म्हणतो. तोवर आतलं काम होऊन गेलेलं असतं. यावर उतारा नाही.

मी काय केलं, तर दुसरी नळी घेतली. नळीच खराब असेल, असं मनाला सांगितलं. तीही काळीनिळी झाली. मग लोहक्षाराची नवी बाटली फोडली. मग माझ्याबरोबर काम करणाऱ्या तोक्तोसुनला हाक मारून सारी-बुलाकच्या जुन्या सगळ्या म्हाताऱ्या कपाटातून काढायला लावल्या. आम्ही दोघं न बोलता एकेक तुकडा कुटत होतो, भिजवत होतो, गाळत होतो. काही नळ्या पिवळ्या राहिल्या. बऱ्याच राहिल्या नाहीत.

"एजे," तोक्तोसुन हळूच म्हणाला. ताईला आमच्याकडे एजे म्हणतात. "ह्यांना म्हातारी कुणी ठरवलं?"

"मी."

"कशावरून?"

उत्तर देताना मला माझीच किळस आली. कोरड्या वर्षी तांबूसचं टोक बसतं, उन्हानं टोपी चुरगळते, आणि मग दोघी बहिणी नुसत्या डोळ्यांना सारख्याच दिसतात. खरं काय ते सूक्ष्मदर्शकाखाली कळतं, नाहीतर या थेंबांनी. आम्ही ते करायचो, पण शंका आली तरच. आणि शंका येणार कुठून? सारी-बुलाकमधून आलेली म्हणजे म्हातारीच, कारण नकाशात तिथे तांबूस नाही. आणि नकाशात तिथे तांबूस नाही, कारण तिथून आलेल्या प्रत्येकीला आम्ही म्हातारी म्हणत होतो. असा नकाशा जन्मात चुकत नाही.

आमच्याकडे टोपली घेऊन उतरणाऱ्याला कुणी विचारत नाही की बाबा, आळंबी कुठली. विचारतात, घळ कुठली. प्रत्येक घराची घळ ठरलेली असते, दुसऱ्याच्या घळीत शिरलात तर भांडण. चांगल्या घळीतलं सगळं चांगलं, वाईट घळीतलं सगळं वाईट. हे ऐकत मी वाढले, राजधानीत जाऊन शिकले, पांढरा कोट चढवला आणि तेच केलं. फक्त रंगीत छापून केलं. त्या छापलेल्या नकाशाची एक प्रत आकेंनी काचेत बसवून पाहुण्यांच्या खोलीत, रजयांच्या थप्पीच्या वर टांगली आहे. आमची सारी-बुलाक घळ त्यात हिरवीगार, म्हणजे बिनविषारी, आहे. आजवर ते तिथून फक्त केशरी आळंबी आणायचे, या तपकिरी जातीला हातही लावत नसत. यंदा पहिल्यांदाच लावला, कारण लेकीनं हिरवा रंग दिला होता.

मी फोन लावला.

"आके, काय करताय?"

"चहा पितोय."

"कितवा?"

"म्हणजे काय, कितवा? फोन करून चहा मोजायला लागलीस? तुमच्या ऑफिसातली साखर संपली का?"

"त्या तपकिरी आळंब्या उरल्यात?"

"कुठल्या उरतायत. झक्क होत्या. राहिलेल्या आगाफ्यानं मीठ लावून बरणीत घातल्यात. तुला पाहिजेत?"

मी म्हटलं, कुणी बरणीला हात लावू नका, मी येते. फोनवर बापाला अशी गोष्ट सांगायची कशी, ते मला कुठल्याच विद्यापीठानं शिकवलं नव्हतं.

गावाची गाडी धरण्याआधी मी जिल्ह्याच्या दवाखान्यात मूत्रपिंडाच्या डॉक्टर माशान्लोंकडे गेले. दुंगान, म्हणजे इथल्या चिनी मुसलमानांतल्या बाई, साठीच्या, बोलायला तिखट. धीर देण्यासाठी खोटं बोलत नाहीत, म्हणून अर्धा जिल्हा त्यांना घाबरतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"उद्या तिघांचं रक्त आण. चांगलं येईल. त्याला काही अर्थ नाही, इतक्यात दिसत नसतं. मग परत आण. आणि तहान वाढली, कंबर धरली, लघवी कमी झाली, तर एक क्षण थांबायचं नाही. खरं म्हणजे मी भरतीच करून घेतलं असतं. येतील?"

"आके? दावं लावून ओढून आणावं लागेल."

"मग तू तिथे राहा आणि नजर ठेव. एका कढईतलं जेवलेल्यांत एक जण जातो आणि दुसऱ्याला शिंकही येत नाही. का, ते मला विचारू नकोस, मलाही माहीत नाही. तू किती खाल्लीस?"

"दोन घास. मी बटाटेच जास्त खाल्ले."

"मोजले होतेस?"



गावात पोचले तेव्हा आके अंगणात बटाटे निवडत होते आणि कुंपणापलीकडून आगाफ्या मावशी त्यांना बटाटे कसे निवडावेत ते सांगत होती. मावशीचे आजोबा रशियातून इथे येऊन वसले. ती इथंच जन्मली, इथंच तिचे केस पिकले, आणि आमच्या लोकांना आळंबी खायला आपल्याच घराण्यानं शिकवलं, असा तिचा दावा आहे. आके पूर्वी वनखात्यात होते. आई गेल्यापासून मावशीशी भांडण हीच त्यांची करमणूक.

मी आडपडदा न ठेवता सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे आम्ही मरणार?" मावशीनं बाजारात भाव विचारावा तसं विचारलं.

"तसं नाही, मावशी. कदाचित काहीच होणार नाही."

"मग एवढ्या धापा टाकत कशाला आलीस?"

आके बटाट्यावरची माती अंगठ्यानं पुसत होते. "तुझ्या नकाशात घळ हिरवी आहे."

"नकाशा चुकला."

"चुकेल कसा? छापलाय."

"मी परतताना कांदा टाकला होता," मावशी म्हणाली, "पांढराच्या पांढरा राहिला. चांदीचा चमचाही फिरवला. तुझ्या नळ्या राहू देत."

"मावशी, कांद्याला यातलं काही कळत नाही."

"माझ्या आईच्या वेळेपासून कळत होतं. आता तू शिकलीस म्हणून त्याची अक्कल गेली?"

"तुमच्या आईच्या वेळी केशरी आळंबी खात होतात. ती कांद्याशिवायही चांगलीच असते."

बरणी द्यायला मावशी तयार होईना. लसूण घातलाय, शेपूच्या काड्या घातल्यात, मीठ कसं बरोबर लागलंय ते चाखून तरी बघ, म्हणाली. चाखून बघ म्हणजे तिनं चाखली होती, पुन्हा. माझं डोकं फिरलं. मी तिच्या तळघरात उतरले, बरणी उचलली आणि गोठ्यामागे खोल खड्डा करून सगळं पुरलं, कुत्रं उकरणार नाही असं. मावशी कमरेवर हात ठेवून बघत उभी होती.

"बरणी तरी चांगली आहे ना? की तीही पुरणार?"

मी ती गरम पाण्यानं घासून तिच्या हातात दिली. मग दुकानात, शाळेत, जिथं चार माणसं जमतात तिथं जाऊन सांगितलं की सारी-बुलाकच्या तपकिरी आळंब्या कुणी आणल्या असतील तर आत्ताच बोला. कुणी आणल्या नव्हत्या. आमच्या घळीत आमच्याशिवाय शिरतं कोण? लोकांनी ऐकून घेतलं आणि माझी पाठ वळल्यावर हसले असतील. हसू देत. मी त्या दिवशी कुणाच्याही पाया पडायला तयार होते.

पहिलं रक्त चांगलं आलं. डॉक्टर माशान्लो फोनवर म्हणाल्या, "खूश होऊ नका." मी झालेच नव्हते. रजा टाकली आणि आकेंच्या घरी मुक्काम ठोकला.

खरी परीक्षा तिथून सुरू झाली. आमच्याकडे चहाचा प्याला भरून देत नाहीत. तळाशी दोन घोट ओततात. भरून दिला तर त्याचा अर्थ, पी आणि चालू लाग. म्हणून प्याला सारखा पुढे येतो, समोवाराशी, म्हणजे चहाच्या पाण्याच्या बंबाशी, बसलेली सारखी ओतते, आणि दिवसाचे किती प्याले झाले याचा पत्ता ना पिणाऱ्याला असतो ना ओतणारीला. जिथं मायेची हीच रीत, तिथं तहान ओळखायची कशी? मी समोवाराजवळची जागा धरली ती सोडलीच नाही. आकेंचा हात पुढे आला की वाटायचं, का आला? आला नाही की वाटायचं, का आला नाही?

"आता मागू का?" आके प्याला उचलून विचारायचे. "की आधी अर्ज लिहून देऊ?"

"मागा ना. मी कुठे काय म्हणतेय?"

"तोंडानं नाही म्हणत. डोळे बघ स्वतःचे. लांडगा दिसल्यावर मेंढीचे होतात तसे झालेत."

मीही एक प्याला घेऊन त्यांना सोबत करायची. त्यांना एकट्याला प्यायला लावलं तर चौकशी केल्यासारखं वाटलं असतं.

मधेच मावशीची कंबर धरली. ती कुंपणाला टेकून "आई गं" म्हणाली. मी तिला गाडीत बसवायला निघाले तेव्हा कळलं की तिनं सकाळपासून एकटीनं बटाट्याची पोती तळघरात उतरवली होती. डॉक्टरांनी कंबर, लघवी सगळं विचारायला सांगितलेलं. मावशीला विचारता आलं. आकेंना कसं विचारू? आमच्यात लेक बापाला असलं विचारत नाही, मेली तरी. म्हणून मी मावशीला गळ घातली की तुम्ही विचारा, जरा आडून. मावशीनं कुंपणावरून अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "कादिरकुल, लघवी होते का रे नीट? पोरगी विचारतेय." आके जेवणापर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. मला मात्र त्यांचा राग बघून बरं वाटलं. आजारी माणूस एवढा चिडत नाही, असं मी स्वतःला समजावलं.

पण भीती समजूत काढून घेत नाही. ती माझ्या उशाशी बसलेली असायची. सकाळी जाग आली की डोळे उघडायच्या आत मी कान टवकारायची, आके खोकतायत का, चालतायत का, बादलीचा आवाज येतोय का. तोंडाला कोरड पडलेली असायची. दिवसभर एकच विचार, मी त्यांना मारलं. हिरवा रंग देऊन मारलं. वरच्या कुरणांवरून गुरं उतरत होती, लोक गवताच्या गंजी झाकत होते, सगळा गाव हिवाळ्याच्या तयारीत होता, आणि मला त्या हिवाळ्यात आके दिसतच नव्हते. कुणी "पहिल्या बर्फाला घोडी कापू, हिवाळाभर मांस पुरेल" म्हटलं की मी तिथून उठून जायची.

मग आकेंनी चहा कमी केला. सुरुवातीला मला बरं वाटलं. दोन-तीन प्याले झाले की ते तळवा प्याल्यावर ठेवायचे, पुरे म्हणून. पण प्याला पुढे करणं ज्यांचा श्वास, ते पुरे म्हणायला लागले तर त्यात आनंद कसला? ते माझ्याकडे बघतही नव्हते नीट. बघायचे ते मी दुसरीकडे बघत असताना. माझी नजर गेली की मान वळवायचे. लपवतायत, मी मनात म्हटलं. यांना काहीतरी होतंय आणि मला कळू नये म्हणून हे कोरडे बसतायत.

म्हणून एका दुपारी ते कुदळ घेऊन वर पाटाकडे गेले तेव्हा मी मागोमाग गेले. पाटाला वळण आहे तिथं विलोच्या झाडांआड ते गुडघ्यावर बसले, टोपी काढून बाजूला ठेवली आणि ओंजळीनं पाणी प्यायला लागले. कितीतरी वेळ पीत राहिले. मी झाडाला धरून उभी होते. मी त्यांना ओरडून हाक मारली.

ते दचकले नाहीत. हळूच उठले. हनुवटीवरून पाणी गळत होतं.

"हे कधीपासून चाललंय?" मी विचारलं.

"काय?"

"तहान."

"तहान मला जन्मल्यापासून लागते, पोरी. घरात प्यायला बसलो की तू अशी बघतेस, जसा मी विषाचा प्याला तोंडाला लावलाय. घोट घशाखाली उतरत नाही. म्हणून इथं येतो. गुरांबरोबर."

"खोटं बोलताय."

"बरं, बोलतोय." त्यांनी टोपी उचलून झटकली. डोक्यावर ठेवायची विसरले, हातातच धरली. "भ्यालोय मी. झालं समाधान? या वयात, अस्वलाला न भ्यालेला माणूस, भ्यालोय."

त्यांनी असं कधी काही कबूल केल्याचं मला आठवत नाही. मला त्यांना मिठी मारावीशी वाटली आणि मारता आली नाही. मी म्हटलं, "चला, आत्ताच्या आत्ता रक्त देऊ."

मला वाटलं होतं, भांडतील. ते म्हणाले, "तू देणार असशील तर मी देतो."

"माझं काय त्यात? मी दोन घास खाल्ले."

"मग मी पण दोनच खाल्ले. देणार की नाही?"

वाद घालायला वेळ नव्हता. आम्ही मावशीला उचललं आणि आकेंच्या जुन्या गाडीतून निघालो. रस्त्यात मावशी आणि आके मागच्या निवडणुकीवरून भांडत होते. मी मागे बसून बाटलीतलं पाणी पीत होते आणि आकेंच्या मानेकडे बघत होते. ती मान मला फार बारीक वाटली.

डॉक्टर माशान्लोंनी आकेंना आत नेऊन बराच वेळ तपासलं. बाहेर आले तेव्हा आकेंचा चेहरा राखेसारखा झाला होता. मी विचारलं, काय म्हणाल्या? ते म्हणाले, "काही नाही. मीच बोलत होतो." रक्ताचं उद्या कळेल, असं नर्सनं सांगितलं. परतताना गाडीत कुणी भांडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आकेंनी स्वतः समोवार पेटवला आणि मला बाजूला सरकवून माझ्या जागेवर बसले. घरात लेक असताना पुरुषानं चहा ओतणं आमच्यात दिसत नाही. मला वाटलं, म्हातारा लाडात आलाय, किंवा मला दाखवतोय की बघ, किती ठणठणीत आहे. ते ओतत होते, मी पीत होते. पावाला साय लावून त्यांनी माझ्यापुढे ठेवला, पण मला घास गिळवेना. नजर फोनवर होती. मावशी कुंपणातून येऊन दारातच बसली होती, तिचीही काही आत येण्याची हिंमत होत नव्हती.

फोन वाजला. मी उचलला.

"वडिलांचं चांगलं आहे," डॉक्टर म्हणाल्या. "अगदी चांगलं. मावशींचंही."

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. मी फोन छातीशी धरून म्हटलं, "आके, तुम्ही वाचलात. मावशी, तुम्ही पण." मावशीनं दारातच क्रूसाची खूण केली आणि डोक्यावरच्या रुमालानं तोंड झाकून घेतलं. आके हसले नाहीत. त्यांच्या हातात चहाची किटली होती, ती त्यांनी खालीही ठेवली नाही.

फोनमधून डॉक्टरांचा आवाज येत होता. मी कानाला लावला.

"बुरुलचा, ऐकतेस ना? तू पाणी किती पितेस?"

"मी? नेहमीसारखंच. मला काही होत नाहीये. थोडा थकवा आहे, जागरणाचा."

आकेंनी हात पुढे करून माझ्या हातातला फोन घेतला. फोनला शिवायला लागलं तरी ज्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला.

"डॉक्टर, मी बोलतोय, तिचा बाप. काल सांगितलं तेच. खूप पिते. बरेच दिवस झाले. मला ओतते आणि माझ्याआधी स्वतःचा संपवते, परत ओतते. तिला कळत नाही, ती माझ्याकडे बघत असते." ते थांबले. "समोवार मी भरतो आणि ती रिकामा करते. घरातलं मी फारसं पीत नव्हतो, म्हटलं नक्की कळू दे तरी की कोण पितंय. मला वाटलं, काळजीनं घसा कोरडा पडत असेल. रोज मला तसंच वाटलं."

मग ते ऐकत राहिले. "हो," म्हणाले. "हो. आत्ता निघतो."

मी माझ्या हाताकडे बघितलं. रिकामा प्याला धरून तो हात त्यांच्या पुढे आलेला होता. तो मी कधी पुढे केला, मला माहीत नाही.

कुणी काही आरडाओरडा केला नाही. मावशीनं माझा कोट आणला आणि लहान मुलीसारखी बटणं लावून दिली. माझी कंबर दुखत होती. किती दिवसांपासून, ते मला तेव्हा आठवायला लागलं, आणि ते आठवणं थांबवावं म्हणून मी मावशीला गायीचं बघा, कोंबड्यांचं बघा, असं काहीबाही सांगत सुटले. आकेंसाठी मी जी भीती बाळगली होती ती सवयीची झाली होती. ही नवी होती, आणि हिच्यापुढे माझ्यापाशी कुठलीच युक्ती नव्हती.

"दवाखान्यात काय करतील?" मी गाडीत विचारलं. मला उत्तर माहीत होतं. वेळेत गेलं तर यंत्रावर ठेवतात, थांबून बघतात, काहींची मूत्रपिंडं परत चालू लागतात, काहींची नाही. नकाशाच्या पाठीमागे मीच ते बारीक अक्षरात छापलं होतं.

"काय करायचं ते करतील," आके म्हणाले. "माझी दोन्ही चांगली आहेत म्हणाल्या ना? मग. एक तुला. मी कालच सांगून ठेवलंय त्यांना."

गाव मागे पडलं. तोंडात जीभ लाकडासारखी झाली होती, आणि आता मला ते लपवायचं कारणही उरलं नव्हतं.

"आके, पाणी."

त्यांनी गाडी ओढ्याच्या पुलाजवळ थांबवली, बाटली भरून आणली आणि दार उघडून माझ्या शेजारी वाकून उभे राहिले. मला धरायला देईनात, स्वतःच तोंडाला लावली. निम्मं पाणी माझ्या कोटावर सांडलं.

"पी," ते म्हणाले. "पी, माझ्या बाळा. कुणी बघत नाहीये."

मी सगळं प्यायले आणि त्यांनी पुन्हा भरून आणावी म्हणून बाटली त्यांच्या हातात दिली.